एमूंवरील मोहीम आणि हत्याराची निवड



शिकारीच्या गोष्टींत हुकलेल्या नेमाला मोठा मान असतो. वारा फिरला, पायाखाली काटकी मोडली, सावज उठले, अशी नाना कारणे आपण ऐकतो. परंतु पुष्कळदा नेम हुकतो तो चाप ओढण्याच्या कितीतरी आधी. कोणती बंदूक बरोबर न्यायची हे ठरते त्याच क्षणी. याचे एक उदाहरण मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. ते आहे पश्चिम ऑस्ट्रेलियातले, १९३२ सालचे. आणि तेथे बंदूक घेऊन निघालेले लोक हौशी शिकारी नव्हते, ते लष्करातले गोलंदाज होते!

पहिले महायुद्ध संपल्यावर परतलेल्या सैनिकांना तेथील सरकारने शेतीसाठी जमिनी दिल्या. १९२९ साली जगावर मंदी आली. गहू अधिक पिकवा, अनुदान देऊ, असे सरकारने सांगितले; अनुदान हाती पडले नाही आणि गव्हाचे भाव मात्र कोसळत गेले. अशा कात्रीत सापडलेल्या शेतकऱ्यांच्या उभ्या पिकात कॅम्पियनच्या परिसरात सुमारे २०,००० एमू उतरले.

एमू हा शहामृगासारखा, न उडणारा पक्षी. उंचीला पुरुषभर, आणि धावू लागला की ताशी ५० किलोमीटर. विणीचा हंगाम सरला की हे थवे आतल्या कोरड्या मुलखातून किनाऱ्याकडे सरकतात. वाटेत त्यांना साफ केलेली जमीन, गुरांसाठी साठवलेले पाणी आणि गहू एकाच ठिकाणी मिळाला. ते पीक खात, तुडवीत, आणि कुंपणाला जी भगदाडे पाडीत त्यांतून ससे आत शिरत. १९२२ सालीच या पक्ष्याची गणना उपद्रवी प्राण्यांत झालेली होती.

आता हे शेतकरी म्हणजे जुने सैनिक. मशिनगन काय करू शकते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. त्यांनी तीच मागितली यात नवल नाही. संरक्षणमंत्री सर जॉर्ज पिअर्स यांनी मागणी मान्य केली. मेजर मेरेडिथ यांच्या हाताखाली दोन लुईस गन आणि १०,००० काडतुसे रवाना झाली. काडतुसांचा खर्च मात्र शेतकऱ्यांनी सोसायचा होता!

लुईस गन मिनिटाला पाचशेच्या वर गोळ्या झाडते. पण तिचा सगळा पराक्रम एका गृहीतावर उभा आहे: शत्रू फळी धरून येईल, आणि हुकूम झालेला असल्यामुळे गोळीबारातूनही पुढेच येत राहील. एमूला असा हुकूम कोण देणार? पहिला आवाज होताच तो पळतो, आणि थवा चार दिशांना फुटतो.

२ नोव्हेंबरला सुमारे पन्नास एमू दिसले. ते टप्प्याबाहेर होते, म्हणून शेतकऱ्यांनी त्यांना हाकून बंदुकीपुढे आणण्याचा प्रयत्न केला. पक्षी लहान लहान टोळ्या करून निसटले. पहिली संधी गेली. ४ नोव्हेंबरला पाण्याच्या बांधाजवळ दबा धरला. हजारावर एमू समोरून येत होते; सैनिकांनी ते अगदी जवळ येईपर्यंत श्वास रोखून धरला, आणि मग चाप ओढला. डझनभर पक्षी पडले आणि बंदूक अडकली! ती पुन्हा चालू होण्याची वाट पाहत थांबण्याइतके एमू भोळे नव्हते. पुढे बंदूक मोटारट्रकवर चढवून पाठलाग केला. ट्रकला पक्षी गाठता येईनात, आणि खाचखळग्यांच्या हादऱ्यांनी बंदूकवाल्याला गोळीच झाडता येईना.

८ नोव्हेंबरला सैनिक परत बोलावले गेले. तोवर २,५०० काडतुसे उडाली होती. पदके द्यायचीच तर ती एमूंना द्या, अशी थट्टा राजकारणी मंडळींनी केली. १३ नोव्हेंबरला मोहीम पुन्हा सुरू झाली आणि १० डिसेंबरला ती संपली. मेजरसाहेबांचा अहवाल सांगतो: काडतुसे ९,८६०, मेलेले पक्षी ९८६. पक्ष्यामागे बरोबर दहा! हिशेब इतका गोल आला की शंका यावी. तो खरा धरला तरी २०,००० मधले ९८६ म्हणजे विसात एकही नाही.

मग उपाय कोणता लागू पडला? सरकारने दर पक्ष्यामागे बक्षीस देण्याची पद्धत चालविली. १९३४ साली सहा महिन्यांत ५७,०३४ बक्षिसे मागितली गेली. येथे बंदूक मोठी नव्हती. पण ती रोज शेतावर होती, आणि ती धरणाऱ्याला पक्ष्याची वाट व वेळ ठाऊक होती. १९३४, १९४३ आणि १९४८ साली शेतकऱ्यांनी पुन्हा सैन्य मागितले. तिन्ही वेळा नकार मिळाला. शेवटी भर राहिला तो भक्कम कुंपणावर.

श्रोते हो, शिकारी विचारतो, किती पडले? शेतकरी विचारतो, किती वाचले? कॅम्पियनला पहिल्या प्रश्नाचे हत्यार घेऊन दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधले गेले, आणि म्हणून दोन्ही हुकले. आपल्याकडे जोंधळा निसवला की शेतात माळा उभा राहतो. त्यावर बसलेल्या राखण्याच्या गोफणीतून सुटलेल्या धोंड्याने पाखरू मेलेच पाहिजे असे कोणी म्हणत नाही. ते उडाले की काम झाले. त्या गोफणीला आपले काम काय हे नेमके ठाऊक आहे.

गोफणीने सगळे भागते असे मी म्हणत नाही. रानडुक्कर आणि रोही यांनी रात्रीत फस्त केलेले शेत ज्याने सकाळी पाहिले, त्याला असा उपदेश करणे क्रूरपणाचे होईल. त्याचा संताप खरा आहे, जसा त्या ऑस्ट्रेलियन शेतकऱ्यांचाही खरा होता. परंतु संतापाच्या भरात माणूस हाताशी असलेले, परिचयाचे, सर्वांत मोठा आवाज करणारे हत्यार उचलतो. ते दुसऱ्याच कोणत्या शत्रूसाठी घडवले होते हे त्याला संधी निघून गेल्यावर कळते, आणि तोवर काडतुसांची किंमत त्याच्याच नावावर मांडलेली असते.