आधी बघा, मग पाठ फिरवा

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी झाशीतच राहिलो. दर रविवारी सकाळी गल्लीतली आठ-दहा मुलं माझ्याकडे चित्रकला शिकायला येतात. मी चित्रकार नाही. समोरच्या मुलखाचं रेखाटन कसं करायचं हे फौजेत शिकवतात, तेवढीच माझी विद्या.

पहिलं वर्ष मी वाया घालवलं. मी झाशीचा किल्ला सुबक काढून द्यायचो, मुलं तो उतरवायची. एकच चित्र दहा-दहा वेळा. हात बसला. पालक खूश, मीही खूश. मग एकदा सगळ्यांना खऱ्या किल्ल्यासमोर बसवलं. 1613 साली ओरछाच्या वीरसिंहदेवांनी टेकडीवर बांधलेला किल्ला समोर उभा, आणि मुलं माझंच चित्र आठवून काढतायत! मान वर करायला कोणी तयार नाही. एका मुलीने पेन्सिल खाली ठेवली. म्हणाली, "दादाजी, मला येतच नाही." पुढचे चार रविवार ती आली नाही. ते मला लागलं.

मग मी वाचायला बसलो. 2008 साली नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट ब्योर्क यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बारा चित्रकार, प्रत्येकाची सहा निसर्गचित्रं. काहींची चित्रं सलग दाखवली, काहींची इतरांत मिसळून. नंतर नवी चित्रं दाखवून विचारलं, हे कोणाचं? मिसळून पाहिलेले चित्रकार लोकांना जास्त ओळखता आले. गंमत म्हणजे, बहुतेकांना वाटत होतं की सलग पाहूनच आपण जास्त शिकलो! हा प्रयोग चित्र ओळखण्याचा होता, काढण्याचा नव्हे. पण माझी चूक मला त्यात दिसली. सराव सोपा गेला की शिकल्यासारखं वाटतं, एवढंच.

त्याआधी 2006 साली रोडिगर आणि कार्पिकी यांनी दाखवलं होतं की धडा पुनःपुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिलं, तर आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं.

मग मी तीन गोष्टी बदलल्या. एक, वस्तू मिनिटभर बघायची, पाठ फिरवून काढायची, मग वळून फरक शोधायचा. एलिमेंटरी परीक्षेला आपल्याकडे स्मरणचित्र असायचं, आम्ही तेही घोकून जायचो! दोन, एका बैठकीत लोटा, झाड, बुरूज असं आलटून पालटून. तीन, मुलाच्या कागदावर माझी पेन्सिल लावायची नाही. त्याऐवजी विचारायचं, "बुरूज भिंतीच्या किती पट उंच?" हात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिलीवर अंगठ्याने माप. कोपर वाकलं की माप चुकलं. हे फौजेतलंच.

सुरुवातीला चित्रं बिघडली. पालकांनी तक्रारही केली. मी धीर धरला.

त्या मुलीच्या घरी जाऊन मी सांगितलं, चूक माझी होती. ती परत आली. काही महिन्यांनी आम्ही पुन्हा किल्ल्यासमोर बसलो. तिचं चित्र सुबक नव्हतं. पण माझ्या चित्रात तटबंदी सरळ होती आणि तिच्या चित्रात ती टेकडीच्या उताराबरोबर खाली येत होती. मी किल्ल्याकडे पाहिलं. बरोबर तीच होती. इतकी वर्षं झाशीत राहून मी ते पाहिलंच नव्हतं.

आज घरी जाऊन एक तांब्या समोर ठेवा. मिनिटभर बघा, आणि पाठ फिरवा.