कागदावरचे आभार

आज आपण आभाराबद्दल बोलू.

आपल्याकडे घरच्या माणसाला कुणी ‘धन्यवाद’ म्हणत नाही. शेजारणीनं वाटीभर कालवण दिलं, तर तिची वाटी आपण रिकामी परत करत नाही. आपल्या शेतात कुणी सावडीला आली, तर तिच्या शेतात आपणही जातो. तोंडानं बोलायचं तर, ‘बाई, वेळेला धावून आलीस,’ एवढं पुरतं. आवाजातली माया तिला कळते.

पण आता गटाचं काम कागदावर आणि मोबाइलवर आलं. बँकेच्या साहेबांना, ग्रामसेवकांना, पापड-मसाला घेणाऱ्या गिऱ्हाइकाला लिहून आभार मानावे लागतात. कागदाला आवाज नसतो. तिथं आवाजाचं काम विरामचिन्हं करतात.

जुन्या मोडी पत्रांत ही चिन्हं नव्हतीच. अक्षराला अक्षर लागून ओळ चालायची. इंग्रजी अमदानीत मेजर थॉमस कँडी यांनी ती मराठीत रुळवली. १८५० साली त्यांचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक आलं.

आपल्या नाशिकच्या आनंदवल्लीशी ज्यांचं नाव जोडलं आहे, त्या आनंदीबाईंची ‘ध चा मा’ची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. ती दंतकथा असो की काही, एका अक्षरानं अर्थ उलटतो हे त्यातून कळतं. स्वल्पविरामही तसाच आहे. बँकेला लिहायचं आहे: ‘कर्ज वेळेवर मिळाले, नाही तर कांद्याची लागवड रखडली असती.’ यातला स्वल्पविराम काढा आणि वाचा: ‘कर्ज वेळेवर मिळाले नाही तर...’ साहेब म्हणतील, आभार मानताहेत की तक्रार करताहेत?

आता एकच शब्द घेऊ, धन्यवाद. पुढं पूर्णविराम दिला, की तो शांत आणि सभ्य वाटतो. अर्जात, पत्रात हाच शोभतो. एक उद्गारचिन्ह दिलं, तर आनंद दिसतो. मैत्रिणीला किंवा नेहमीच्या गिऱ्हाइकाला तसं चालतं. चार-पाच उद्गारचिन्हं दिली, की कुणी कानाशी ओरडतंय असं वाटतं. पुढं तीन टिंबं सोडली, तर वाचणारी विचारात पडते, ‘हिच्या मनात आणखी काय राहिलं?’ आणि धन्यवाद हा शब्दच अवतरणचिन्हांत घातला, तर तो टोमणा होतो.

पण नुसती चिन्हं बरोबर असून भागत नाही. कुणाचे आणि कशाबद्दल आभार, हे लिहा. ‘सर्वांचे आभार’ हे कुणालाच आपलं वाटत नाही. ‘ताई, तुम्ही हिशेबाची वही तपासून दिलीत. आम्ही आभारी आहोत.’ यात नाव घेऊन हाक आहे, काम आहे आणि मान आहे. त्यातच ‘पण पुढच्या वेळी लवकर या’ असं जोडू नका. मागणी असेल तर ती वेगळ्या वाक्यात, शक्यतो वेगळ्या निरोपात लिहा. काम व्हायच्या आधीच ‘आगाऊ धन्यवाद’ लिहिलं, तर काहींना तो हुकूम वाटतो. त्यापेक्षा ‘कृपया एवढं पाहावे, ही विनंती’ बरं.

शेवटची गोष्ट जास्त महत्त्वाची. आभार आणि उपकार यांत फरक आहे. दाखला, उतारा वेळेत मिळणं हा आपला हक्क आहे. त्यासाठी राज्यात २०१५ सालचा लोकसेवा हक्क कायदा आहे. म्हणून ‘साहेब, आम्हा गरिबांवर फार उपकार झाले!!!’ असं लिहू नका. ‘दाखला वेळेत मिळाला. आपले आभार.’ एवढं पुरे. ज्यानं काम नीट केलं, त्याला चांगलं म्हणावं. त्यासाठी आपण वाकायची गरज नाही. त्या पूर्णविरामात आपला ताठ कणा दिसतो.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक करा. ज्यांचे आभार मानायचे राहिले आहेत, त्यांना दोन ओळी लिहा. पाठवण्याआधी एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. कानाला खटकलं, तिथं चिन्ह बदला.