दाढ पेशंटची, जबडा माझा

तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे. आज मात्र पेशंट मीच आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या कानापुढे दुखू लागलं. जांभई दिली की कट्ट आवाज. सकाळी भाकरी चावताना गाल भरून यायचे. वाटलं, दाढ किडली. एक्सरे काढला, तर दाढ ठणठणीत. शेवटी दवाखान्यातल्या मदतनीस ताईच म्हणाल्या, “मॅडम, दाढ काढताना तुम्ही स्वतःचेच दात आवळता.” खरंच होतं. त्यात दिवसभर मान वाकडी, कर्जाच्या हप्त्याची काळजी, आणि रात्री झोपेत दात खाणं. (दात खाल्ले की जंत झाले म्हणतात, तसं काही नसतं.)

कानाच्या अगदी पुढे जबड्याचा सांधा असतो. तिथे बोट ठेवून तोंड उघडा, हलताना कळेल. आता गालांवर हात ठेवून दात आवळा. गोळा येतो ना? तो चावण्याचा स्नायू. दात एकमेकांना टेकायचे ते जेवताना आणि गिळताना. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे. आत्ता रेडिओ ऐकताना तुमचे टेकलेत का, बघा बरं.

मी फळ्यावर ‘दात सुटे’ असं लिहून ठेवलं. गालाला गरम फडक्याचा शेक घेतला, काही दिवस मऊ भात-वरण खाल्लं, ऊस दातांनी सोलणं बंद केलं. महिन्याभरात उतार पडला. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल, तर उपचार लागत नाहीत. पण तोंडात तीन बोटं उभी मावेनाशी झाली, तर डॉक्टरांना दाखवा. सुपारी-गुटख्याची सवय असेल आणि तिखटाने तोंडाची आग होत असेल, तर लगेच जा. तो आजार निराळा आणि गंभीर आहे.

हे सगळं सांगतेय ते एका काकूंमुळे. कानाजवळ दुखतं म्हणून त्यांनी दुसरीकडे एक दाढ काढून घेतली होती. दुखणं थांबेना, तेव्हा माझ्याकडे आल्या. शेजारची दाढ मी काढली. जबड्याला हात लावूनही पाहिलं नाही. दुखणं तसंच राहिलं.

परवा त्यांना बोलावून माझी चूक सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आता शेक कसा घ्यायचा ते तरी नीट दाखवा.”