आपले तास कुठं लिहिलेत?

(महिला गटांच्या बैठकीतील भाषण)

मैत्रिणींनो, घाटकोपरच्या आमच्या पोळीभाजी गटाचा हिशेब मी ठेवते. आम्ही सहा जणी. गेल्या वर्षी अंधेरीच्या एका ऑफिसची ४० ताटांची ऑर्डर आली. ताटाला ११० रुपये, म्हणजे ४,४००. किराणा-भाजी २,८४०, गॅस १८०, टेम्पो ६००. हातात ७८० उरले. आम्ही खूश!

तेवढ्यात एकीनं विचारलं, "आपण तिघी पहाटे चारपासून दहापर्यंत राबलो, ते कुठं लिहिलंस?" वही पाहिली. कुठंच नव्हतं. घरात आपल्या स्वयंपाकाचे तास कुणी मोजत नाही, तीच सवय धंद्यात आली होती.

मग प्रत्येक ऑर्डरला वहीचं वेगळं पान दिलं. वर गिऱ्हाईक, तारीख, ताटं. खाली माल, गॅस, टेम्पो आणि कुणी किती तास काम केलं ते. तासाला ७५ रुपये धरले, तर १८ तासांचे १,३५० झाले. राहिलं खोलीचं भाडं, वीज, फोन, भांड्यांची झीज. हा खर्च कुठल्याच एका ऑर्डरचा नसतो, म्हणून निसटतो. आमचा तो महिन्याला ६,००० आणि सगळ्यांचे मिळून कामाचे तास २४०, म्हणजे तासामागे २५ रुपये. या ऑर्डरवर ४५०. एकूण खर्च ५,४२०. ताट साडेपस्तीसावर शंभरला पडलं होतं! ७८० मधून ४५० गेले की उरतात ३३०, तासाला जेमतेम १८ रुपये. नफा कसला, आपल्या मजुरीतून आपण त्या ऑफिसला जेवू घातलं.

वर पैसे आले चार महिन्यांनी. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांचंही हेच दुखणं होतं. कामगारांचे पैसे पगाराला, किराणा मात्र उधारीवर, व्याजानं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. आपल्या हाती आज २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा आहे. 'उद्यम' नोंदणीला पैसे पडत नाहीत. ऑर्डर घेण्याआधीच करून ठेवा. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आम्ही हे आता बिलावरच छापतो.

यंदा त्या ऑफिसला ताट १५० सांगितलं. त्यांनी नको म्हटलं. ती ऑर्डर मुलुंडच्या आपल्याच एका गटानं ११० ला घेतली. त्या समोरच बसल्यात. राग नाही गं, पण चहा झाला की वही घेऊन या, तुमचं पान मांडू.