ब्रोकन नव्हे, कणी

आम्ही भंडारा जिल्ह्यातली माणसे धानावर वाढलेली. गेल्या हंगामात घरचे धान भरडायला गिरणीत नेले. मुनिमाने तांदूळ तळहातावर पसरला आणि म्हणाला, "गुरुजी, ब्रोकन फार आहे." मनात आले, हिला तर आपण कणी म्हणतो!

इंग्रजीत तुकड्यांसाठी शब्दांची वाण नाही. मडक्याची शार्ड, लाकडाची स्प्लिंटर, पावाचा क्रम्ब. आपल्याकडेही मडक्याची खापरी, लाकडाची ढलपी, दगडाची कपची, भाकरीचा चतकोर. तांदळाच्या व्यापारात मात्र इंग्रजी नुसते 'ब्रोकन' म्हणते, म्हणजे तुटलेला. पाऊण दाण्याहून लहान तुकडा सरकारी खरेदीत ब्रोकन ठरतो.

दाणा तुटतो त्याचे कारण बहुधा शेतातच असते. कडक उन्हात धान भराभर वाळले किंवा वाळल्यावर पुन्हा भिजले, की दाण्याला आतून तडा जातो आणि भरडताना तो तुटतो. त्याने भाव पडतो, म्हणून धान सावकाश वाळवावे.

पण 'ब्रोकन' फक्त दोष सांगतो. कणी हे अन्नाचे नाव आहे. सप्टेंबर 2022 मध्ये देशातला पुरवठा टिकावा म्हणून केंद्र सरकारने कणीची निर्यात थांबवली होती. ती बंदी मार्च 2025 मध्ये उठली. आमची आई कण्या पाखडून वेगळ्या ठेवी. ताक-कण्या खाऊनच आम्ही भावंडे शाळेत गेलो.

त्या दिवशी मी मुनिमाकडून कण्यांची पिशवीही मागून घेतली. नातवंडांना शब्द सांगायचा, तर तो ताटात दिसायला हवा.