डेसिबलचा हिशेब : अध्यक्षीय भाषण



दूरसंचार अभियंत्यांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. संमेलन जालन्यात भरते आहे याचा आनंद त्याहून मोठा. ‘जालना सोन्याचा पाळणा’ असे ज्या पेठेविषयी म्हटले जाई, तिने पुढे बियाणे आणि पोलाद या दोन उद्योगांत देशभर नाव कमावले. आपल्या विषयाशीही या परिसराचे थेट नाते आहे. इथून छत्रपती संभाजीनगरकडे निघालात की वाटेत शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. ऑप्टिकल फायबरसाठी लागणारी अतिशुद्ध काच तिथे तयार होते आणि वाळूजला तिचे तंतू ओढले जातात. परदेशी जाणारी ही काच आपल्या शेजारी बनते. मग भोकरदन, जाफराबाद, मंठा, घनसावंगी या तालुक्यांतल्या टोकाच्या गावाला चांगला सिग्नल मिळायला अडचण कुठे येते? काच तर आपले काम चोख करते आहे. सिग्नल हरवतो तो जोडात, चरात आणि आपण न ठेवलेल्या नोंदींत. आज मला एवढेच सांगायचे आहे, पण ते सविस्तर सांगायचे आहे.

आधी काचेने काय कमावले ते पाहू. १९५४ साली पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे लंडनमधील मार्गदर्शक हॉपकिन्स यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येते हे दाखवले. पण त्या काळच्या काचेत प्रकाश काही मीटरांतच विझे. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडले की दोष काचेच्या स्वभावात नसून तिच्यातल्या अशुद्धतेत आहे. किलोमीटरमागे घट २० डेसिबलपर्यंत उतरवता आली, तर तंतूवरून संदेश नेणे परवडेल, असा त्यांचा हिशेब होता. २० डेसिबल घट म्हणजे शंभरातला एक भाग प्रकाश शिल्लक राहणे. १९७० मध्ये कॉर्निंगच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी तो पल्ला गाठला. १९७९ मध्ये जपानी संशोधकांनी घट ०.२ डेसिबलवर आणली. त्याच वर्षी पुण्यात दोन टेलिफोन एक्स्चेंजना जोडणारी देशातली पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा सुरू झाली. काव यांना २००९ साली नोबेल मिळाले.

या आकड्यांचा अर्थ असा : पूर्वी जेवढा प्रकाश एका किलोमीटरमध्ये हरवायचा, तेवढा आता १०० किलोमीटरमध्ये हरवतो. जालन्याहून संभाजीनगर सुमारे ६० किलोमीटर. निव्वळ काचेतली घट १२ डेसिबल, म्हणजे सोळावा भाग प्रकाश तिथे सुखरूप पोहोचतो.

लांबच्या मार्गावर साधारण ८० किलोमीटरनंतर सिग्नलची ताकद वाढवावी लागते. १९८७ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात आणि बेल लॅबमध्ये अर्बियम या मूलद्रव्याचा अंश मिसळलेल्या तंतूचे प्रवर्धक आकाराला आले आणि प्रकाशाचे विजेत रूपांतर न करता त्याला बळ देणे शक्य झाले. मात्र प्रवर्धक सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो आणि वर स्वतःचा थोडा गोंगाट मिसळतो. एकदा क्षीण झालेल्या सिग्नलला ताकद परत मिळते, स्वच्छता परत मिळत नाही. म्हणून दर्जा आणि पल्ला हे वेगळे प्रश्न नाहीत. ८० किलोमीटरच्या टप्प्यात काचेची घट १६ डेसिबल असते. वाईट जोडांनी आणि दाबल्या गेलेल्या केबलने ती १९ झाली आणि बाकी सारे तसेच राहिले, तर त्याच दर्जाचा सिग्नल निम्म्याच टप्प्यांपर्यंत नेता येतो. तीन डेसिबलच्या निष्काळजीपणाने निम्मा पल्ला जातो.

आज तरंगलांबीनुसार प्रकाशाच्या वेगात पडणारा फरक, ध्रुवीकरणाची उलथापालथ या अडचणी ग्राहक यंत्रातली चिप गणिताने दुरुस्त करते. चुका सुधारणारी संकेतनेही आहेत. पण गोंगाट वाढला की याच यंत्रांना प्रत्येक स्पंदावर चारऐवजी दोनच बिट बसवून काम भागवावे लागते. मार्ग तोच, यंत्रे तीच, खर्च तोच आणि क्षमता निम्मी. ताकद वाढवावी म्हटले तर त्यालाही मर्यादा आहे. प्रकाश फार तीव्र झाला की काचेचा अपवर्तनांक बदलतो आणि शेजारचे चॅनेल एकमेकांत गुंतू लागतात. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ मध्ये जगापुढे ठेवलेला परिणाम आज मार्गातल्या मार्गात प्रकाश वाढवायला वापरतात. त्यासाठी तंतूत जी तीव्र पंप ऊर्जा सोडतात, ती कनेक्टरवर बसलेल्या धुळीवर पडली तर कनेक्टरचे तोंड जळते. इतके पुढारलेले शास्त्र कनेक्टर पुसायच्या कापडापाशी येऊन थांबते, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

आता गावाकडे येऊ. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट झालेल्या योजनेने फायबर ग्रामपंचायतींच्या दारात नेले. तिथे वापरलेल्या जीपॉन पद्धतीत सर्वसाधारणपणे २८ डेसिबल घटीची मुभा असते. एका तंतूचे ३२ भाग करणारा स्प्लिटर त्यातले सुमारे १७ खातो. उरले ११. जुनेपणासाठी आणि दुरुस्त्यांसाठी तीन राखून ठेवले तर आठ उरतात, आणि त्या आठांत काच, जोड, कनेक्टर सगळे बसवायचे असते. चार मळलेल्या कनेक्टरांनी अर्धा-अर्धा डेसिबल जास्त खाल्ला तर दोन गेले. परतीच्या १३१० नॅनोमीटरवर काचेची घट किलोमीटरमागे सुमारे ०.३५ असते. म्हणजे त्या धुळीने साडेपाच किलोमीटरांहून अधिक पल्ला गिळला. मोसंबीच्या बागेत ठिबकची नळी मुखाशी गळत असली की शेवटच्या ओळीतले झाड सुकते, तसे हे आहे. ऑफिसाजवळचे कनेक्शन धडधडीत चालते आणि टोकाचे गाव ‘नेट नाही’ म्हणत बसते.

आपल्या जमिनीचाही विचार करा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दरवर्षी केबलला ओढ देते. तिच्याखाली बेसाल्टचा कातळ. १.६५ मीटर खोल चर खणण्याचा जुना नियम त्या कातळाशी अडतो आणि मग केबल वरच पुरली जाते. पुढे रस्ता रुंद होतो, पाण्याची पाइपलाइन येते आणि जेसीबीचा दात केबलला लागतो. एकदा तुटली की मधे तुकडा घालावा लागतो आणि दोन जोड वाढतात. दहा वेळा तुटली तर २० जोड. प्रत्येक जोड ०.०५ डेसिबलचा साधला तर एकूण घट एक डेसिबल. रस्त्याच्या कडेला, वाऱ्यात, घाईने ०.३ चा जोड मारला तर तीच घट सहा डेसिबल होते. एक आणि सहा यांत फरक पडतो तो क्लीव्हरच्या धारेने, स्पिरिटने पुसलेल्या तंतूने आणि जोडणाऱ्याला दिलेल्या अर्ध्या तासाने.

म्हणून फायबर जोडणाऱ्या तंत्रज्ञाला मी या क्षेत्राचा मुख्य कारागीर मानतो. तंतूचा गाभा सुमारे नऊ मायक्रॉनचा. दोन गाभे समोरासमोर आणून वितळवण्याचे काम तो उन्हात, चिखलात, रात्री-अपरात्री करतो. त्याला जोडांच्या संख्येवर मोबदला दिला तर तो संख्या वाढवेल. मोबदला मोजलेल्या दर्जावर दिला तर तो दर्जा वाढवेल.

यातून माझ्या चार मागण्या निघतात आणि त्या या संमेलनाने ठराव म्हणून मांडाव्यात, अशी माझी विनंती आहे.

पहिली, प्रत्येक मार्ग ताब्यात घेताना ओटीडीआरची, म्हणजे तंतूतली घट जागेनुसार दाखवणाऱ्या यंत्राची, मोजणी दोन्ही टोकांकडून व्हावी. एकाच बाजूने पाहिले तर वेगळ्या तंतूंच्या जोडात कधी कधी खोटी वाढ दिसते. दोन्हींची सरासरी खरे सांगते. मोजणी १३१० आणि १५५० या दोन्ही तरंगलांबींवर व्हावी. १५५० वर घट बरीच जास्त दिसली तर केबल कुठेतरी मुडपली किंवा दाबली गेली आहे, हे जागेसकट कळते.

दुसरी, ही नोंद ग्रामपंचायतीत राहावी आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर तिच्यात भर पडावी. कंत्राटदार बदलला तरी मार्गाचा इतिहास हरवता कामा नये.

तिसरी, जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये फायबर जोडणीचे प्रत्यक्ष काम शिकवावे, म्हणजे परतूरची केबल परतूरचा मुलगा किंवा मुलगी दुरुस्त करील.

चौथी, खोदण्यापूर्वी विचारण्याची शिस्त. मार्च २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. प्रत्येक कामाच्या आदेशात त्याची अट असली पाहिजे. त्याच वर्षी मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये सरळ रेषेऐवजी वर्तुळाकार जोडणीवर भर आहे. एक बाजू तुटली तरी गाव दुसऱ्या बाजूने जोडलेले राहावे, यासाठी जालन्यात या वर्तुळांची आखणी काळजीने व्हावी.

संशोधन थांबलेले नाही. पोकळ गाभ्याच्या तंतूंनी २०२५ मध्ये घट ०.१ डेसिबलच्याही खाली नेली. त्यांत प्रकाश जवळजवळ हवेतूनच जातो. विद्यार्थी मित्रांनो, त्या कामात जरूर उतरा. पण तो तंतू इथे येईल तेव्हा त्यालाही कुणीतरी पुसणार, जोडणार आणि पुरणार आहे. जी शिस्त आपण साध्या काचेसाठी अंगी बाणवू, तीच त्या वेळी कामाला येईल.

टोकाच्या गावातल्या विद्यार्थिनीला व्याख्यान न अडखळता ऐकायला मिळावे, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना तपासणीचा अहवाल वेळेवर पाठवता यावा, यासाठी आपला व्यवसाय आहे. काव यांच्या पिढीने अशुद्धतेचा एकेक कण शोधून आपल्याला शंभर किलोमीटर मिळवून दिले. त्यांतला एकही किलोमीटर आपल्या हलगर्जीने गमावणार नाही, आणि गमावला तर कुठे गमावला हे लिहून ठेवू, असा निश्चय करून कामाला लागू या.