झालेले आणि चाललेले



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी मला याच शाळेत मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही व्याकरणे शिकविली. पुढे मी जन्मभर मराठी शिकविले. आज मात्र इंग्रजीतील एका बारकाव्याविषयी बोलणार आहे.

भूतकाळातील एखाद्या क्षणी उभे राहून त्याच्याही मागे पाहण्याची इंग्रजीत दोन रूपे आहेत. ‘आय हॅड रिटन थ्री लेटर्स’ म्हटले की तीन पत्रे हातावेगळी झाली. ‘आय हॅड बीन रायटिंग सिन्स मॉर्निंग’ म्हटले की सकाळपासून चाललेले लिहिणे डोळ्यांपुढे येते. पहिल्यात फलित आहे, दुसऱ्यात ओघ. म्हणून किती झाले हे सांगताना पहिले रूप येते. किती वेळ चालले होते यावर भर असेल तर दुसरे. जाणणे, मानणे अशी स्थितिवाचक क्रियापदे मात्र दुसऱ्या रूपात सहसा बसत नाहीत.

मराठीत पहिले रूप ‘लिहिली होती’ असे सरळ उतरते. दुसऱ्याचे तसे नाही. ‘गाडी आली तेव्हा मी वाट पाहत होतो’ आणि ‘गाडी आली तेव्हा मी दोन तास वाट पाहत होतो’ या दोन्ही वाक्यांत आपले क्रियापद एकच. इंग्रजीत मात्र पहिल्याला ‘वॉज वेटिंग’ आणि दुसऱ्याला ‘हॅड बीन वेटिंग’ हवे. आपल्याकडे ‘दोन तास’ हे शब्द जो भार उचलतात, तो तेथे क्रियापदालाही उचलावा लागतो. आपली मुले अडखळतात ती येथे. त्यांची बुद्धी उणी असते म्हणून नव्हे. सूत्र घोकून घेण्यापूर्वी त्यांना स्वतःच्या मराठी वाक्याकडे नीट पाहावयास शिकवावे, एवढेच माझे मागणे.

सर गेले तेव्हा शाळेसाठी इंग्रजी शोकप्रस्ताव लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. निधनापूर्वी त्यांनी तीस वर्षे अध्यापन केले होते, या अर्थी मी ‘हॅड टॉट’ लिहिले. व्याकरण चुकले नव्हते. पण एका वृद्ध शिक्षकांनी कागद वाचून हळूच म्हटले, ‘‘अहो, परवा दुपारी ते तासावर होते. फळ्यावर त्यांचे अक्षर अजून तसेच आहे.’’

मी ते शब्द खोडले आणि ‘हॅड बीन टीचिंग’ असे लिहिले. दोन रूपांतील अंतर मला खऱ्या अर्थाने त्या दिवशी कळले. सरांनी शिकविलेला तो शेवटचा धडा आज त्यांच्याच शाळेत आपणांपुढे ठेविला.